पोथी चाळून होईपर्यंत

बाबा गेले तो मे महिना होता. सोलापूरचा मे. सकाळी सव्वासातला गेले आणि दुपारचे दोन वाजले तरी अग्नी कोणी द्यायचा हे ठरत नव्हतं. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. चुलतभाऊ पुण्याहून निघाला होता, पण वाटेत त्याची गाडी बंद पडली. बाहेरच्या खोलीत आत्या, दोन्ही काका, शेजारचे निवृत्त मास्तर आणि बोलावून आणलेले गुरुजी बसले होते. मुलीने दिला तर चालतो का? जावई चालेल का? भाचा? मठातल्या कोणाला तरी फोन लावणं चाललं होतं. बर्फाच्या लाद्या वितळून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. सगळ्यांनी पाय वर घेतले आणि बोलणं पुढे सुरू ठेवलं.

तीनच्या सुमारास धाकटी उन्हातून आली. ती मधे दोन तास घरात नव्हती हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या हातात डॉक्टरांचा दाखला आणि महापालिकेचा पास होता. लाकडं सांगितली होती, शववाहिनी सांगितली होती. ती आईजवळ बसली आणि म्हणाली, "पाच वाजता गाडी येतेय." पाच वाजता गाडी आली. अग्नी तिनेच दिला. रात्री शेजारणीने कडू घास म्हणून पिठलं-भात आणला, आणि मास्तरही आमच्याबरोबर मुकाट्याने जेवले.

त्यानंतरच्या दिवसांत घरात पूजा नाही, देवाचा दिवा नाही, कुठे जाणं नाही. दुपार सरता सरत नसे. आईचं माहेर धारवाडचं. तिच्या ट्रंकेत लग्नाआधीपासूनची काही कन्नड पुस्तकं आहेत. त्यातलं एक तिने काढलं, पुठ्ठा सुटलेलं, आणि म्हणाली, "हे वाचू या." मला कन्नड कळतं, लिपी येत नाही. माझ्या वयाच्या सोलापुरातल्या पुष्कळांचं असंच आहे. ती वाचायची, मी ऐकायची. ते पुस्तक होतं यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ ही कादंबरी. आई जिथे अडखळायची तिथे ती शब्दाला अडखळलेली नसे.

कादंबरी 1965 ची. तुंगेकाठचं दुर्वासपूर नावाचं माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणाऱ्या, ब्राह्मणांचं अग्रहार, ब्राह्मणांची वस्ती. तिथे नारणप्पा नावाचा ब्राह्मण मरतो. त्याने लग्नाची बायको टाकून चंद्री नावाच्या बाईला घरात आणलं होतं, शाळिग्राम नदीत फेकला होता, मांस खाल्लं होतं, देवळाच्या तळ्यात मासे धरले होते. आता प्रेत घरात पडलं आहे आणि ते दहन होईपर्यंत अग्रहारात कोणाला अन्न घेता येत नाही. दहन करायचं तर करायचं कोणी? त्याने ब्राह्मण्य सोडलं होतं हे खरं, पण ब्राह्मण्याने त्याला सोडलं होतं का? त्याला कधी रीतसर वाळीत टाकलेलंच नव्हतं. मग चंद्री अंगावरचे सोन्याचे दागिने काढून समोर ठेवते, क्रियेच्या खर्चाला. आणि आत्तापर्यंत नको नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदम नात्याची आठवण होते.

इथे आई थांबली. पुस्तक मांडीवर पालथं ठेवून बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. आमच्या घरी दागिन्यांचा प्रश्न आला नव्हता. पण घराण्याच्या वहिवाटीचा आला होता, आणि त्या वहिवाटीमागे एका जमिनीच्या तुकड्याचा.

आम्हीही माध्वच. गोपीचंदन, अंगार-अक्षता, एकादशीचा कडकडीत उपास, हे शब्द आमच्या घरात मराठीतून वावरतात, दुर्वासपुरात कन्नडमधून. म्हणून ती कादंबरी मला ‘शेजारच्या भाषेतलं साहित्य’ म्हणून भेटलीच नाही. ती आमच्या माजघरात येऊन बसली. ‘संस्कार’ हा शब्दही दोन्हीकडे तोच आहे, मनावर होतो तोही आणि प्रेतावर होतो तोही. मराठीत आणताना शीर्षकाला हात लावावा लागत नाही.

प्राणेशाचार्य म्हणजे अग्रहारातला सगळ्यात मोठा विद्वान. काशीला शिकून आलेला. जन्माच्या आजारी बायकोशी जाणूनबुजून लग्न करून तिची सेवा हेच तप मानणारा. सगळे त्याच्याकडे बघतात. तो रात्रभर पोथ्या चाळतो. सापडत नाही. मग मारुतीच्या देवळात कौल लावून बसतो. मारुती काही बोलत नाही. प्रेत कुजू लागतं, उंदीर मरू लागतात, कौलांवर गिधाडं येऊन बसतात. तो प्लेग आहे. पण अग्रहाराला वाटतं, हा शाप आहे.

आणि मग कादंबरीतली ती जागा येते, जी मी अजून विसरू शकलेली नाही. देवळातून परतताना अरण्यात प्राणेशाचार्य आणि चंद्री एकत्र येतात. बहुतेक चर्चा तिथेच रेंगाळते. समीक्षक त्या रात्रीत आचार्याच्या अस्तित्वाचा प्रश्न शोधतात आणि तो तिथे आहेच. पण त्यानंतर चंद्री काय करते? ती घरी जाते. प्रेताची अवस्था बघते. मदत मागायला जाते आणि शेवटी अहमद बारी नावाचा मासळीचा व्यापारी गाडी घेऊन येतो. नारणप्पाने कधीतरी अडचणीत त्याला पैसे दिलेले असतात. दोघं रात्रीच्या अंधारात प्रेत नेतात आणि जाळून टाकतात. चंद्री आपल्या गावाला निघून जाते.

अग्रहाराला हे माहीतच नसतं. पुढची कितीतरी पानं ते ब्राह्मण उपाशीपोटी एका रिकाम्या घराची चिंता करत राहतात. मठात जातात, स्वामींना विचारतात, एकमेकांना दोष देतात. वाचणाऱ्याला ठाऊक असतं की प्रश्न सुटला. सोडवणारी निघूनही गेली.

मला वाटतं, आधुनिक कन्नड कादंबरीने परंपरेला जे सगळ्यात धारदार उत्तर दिलं आहे ते या जागेत आहे. ते उत्तर कोणाच्या भाषणात नाही. कन्नड कादंबरीत बोलणारे टीकाकार पुष्कळ आहेत, शिकलेले, परदेश पाहिलेले, वाद घालणारे. पण परंपरा खरी हलते ती कोणी न विचारता उठून काम करून टाकतं तेव्हा. आणि ते करणारं माणूस बहुधा असं असतं की पोथी उघडायचा अधिकारच त्याला कोणी दिलेला नसतो.

अनंतमूर्तींनी ही कादंबरी बर्मिंगहॅमला संशोधन करत असताना लिहिली, घरापासून इतक्या लांब. 1970 साली पट्टाभिराम रेड्डींनी तिच्यावर चित्रपट काढला. गिरीश कार्नाड आचार्य झाले, पी. लंकेश नारणप्पा. मद्रासच्या सेन्सॉरने आधी त्याला परवानगी नाकारली, आणि मग त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ मिळालं. चंद्रीची भूमिका स्नेहलता रेड्डींनी केली होती. आणीबाणीत त्यांना बंगळूरच्या तुरुंगात टाकलं. दम्याचा त्रास होता. सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी 1977 मध्ये, त्या गेल्या. आईला हे ठाऊक होतं. ती चंद्री वाचायची तेव्हा तिच्या डोळ्यापुढे तोच चेहरा असायचा.

त्याच 1965 साली एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ आली. एकाच वर्षात, एकाच भाषेत, दोन विद्वान कर्मठ ब्राह्मण नायक. हा नुसता योगायोग असेल असं मला वाटत नाही. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री प्राणेशाचार्यासारखे कोसळत नाहीत. मुलगा कपिलेच्या पुरात बुडून मरतो. तरुण सून कात्यायनी विधवा होते. तिला कॉलेजात जायचं असतं, श्रोत्री तिला जाऊ देतात. म्हैसूरला ती राजारावाच्या प्रेमात पडते, लग्न करते आणि चीनी नावाचा तिचा मुलगा आजोबांकडेच राहतो. शेवटी श्रोत्रींना कळतं की ज्या वंशासाठी हे सगळं जपलं, त्या वंशाच्या रक्ताचे ते स्वतःच नाहीत.

‘वंशवृक्ष’ मी मराठीत वाचली आहे, तीनदा. उमा कुलकर्णींनी केलेला अनुवाद, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हा अनुवाद कसा होत असे ते त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. त्यांना कन्नड लिपी वाचण्याची सवय नव्हती. पती विरूपाक्ष वाचून दाखवायचे, उमाताई ऐकून मराठीत उतरवायच्या. आई पुस्तक घेऊन बसली की मला त्या घराची आठवण यायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत भैरप्पा पोचले ते असे कानावाटे. सप्टेंबर 2025 मध्ये ते गेले तेव्हा आमच्या ओळखीच्या मराठी घरांत जी हळहळ झाली, ती आपलाच लेखक गेल्याची होती.

तरीही मला कात्यायनीबद्दल बोलायचं आहे. पहिल्या वाचनात मी श्रोत्रींवर मोहून गेले होते. त्यांच्यापुढे नमस्कार करावासा वाटतो, असा तो माणूस लिहिला आहे. तिसऱ्या वेळी मी फक्त कात्यायनीकडे बघत होते. लेखक तिला दोष देत नाही, तिच्या बाजूने युक्तिवादही करू देतो. पण मग तिचे गर्भ टिकत नाहीत, ती खंगते, स्वतःच्याच पोटचा मुलगा तिच्यापुढे परक्यासारखा उभा राहतो, आणि ती मरते. जो न्याय श्रोत्री करत नाहीत तो निसर्गाकडून करवून घेतल्यासारखा वाटतो. भैरप्पांचा हेतू असा नसेलही. त्यांनी ‘गृहभंग’मध्ये नंजम्मा लिहिली आहे. नालायक नवऱ्याच्या शानभोगकीचे, म्हणजे गावच्या कुलकर्णीपणाचे, हिशेब लिहिणारी, प्लेगात एकापाठोपाठ लेकरं गमावणारी नंजम्मा लिहिणाऱ्या माणसाला बाईचं दुःख कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण कात्यायनीचं शरीर तिच्या निर्णयाविरुद्ध साक्ष देतं, आणि ती साक्ष मला मान्य नाही. माझ्या थोरल्या बहिणीने दुसरं लग्न केलं आहे. ती सुखात आहे.

आमच्या कपाटात भैरप्पांचा एक आख्खा कप्पा आहे. अनंतमूर्तींचं एक पुस्तक होतं तेही आईच्या ट्रंकेत, आणि कन्नडमधले दलित लेखक देवनूर महादेव आमच्या घरात आले ते मी त्यांची पुस्तकं विकत आणली तेव्हा, वयाच्या चाळिशीत. कप्प्यांची ही वाटणी आपोआप झाली नाही. घराने आपल्याला सोसेल एवढीच टीका आत घेतली.

अनंतमूर्तींनी बोलणाऱ्या टीकाकाराचीही परीक्षा घेतली आहे, ‘भारतीपुर’मध्ये. 1973 ची कादंबरी. जगन्नाथ हा इंग्लंडहून परतलेला, मंजुनाथाच्या देवळाने पोसलेल्या गावातला जमीनदार. त्याला होलेयांना, म्हणजे गावातल्या दलितांना, देवळात न्यायचं आहे. त्याची तयारी म्हणून तो एका संध्याकाळी घरच्या देवघरातला शाळिग्राम अंगणात आणतो आणि त्या तरुणांपुढे धरतो. "याला शिवा," म्हणतो. ते मागे सरतात. तो विनवतो, मग चिडतो, मग ओरडतो. घाबरून, केवळ त्याच्या धाकाने, ते हात लावतात आणि निघून जातात. ज्यांना माणूस म्हणून उभं करायचं होतं त्यांना त्याने त्या क्षणी पुन्हा गडी करून टाकलेलं असतं. परंपरेच्या विरोधातलं पाऊलसुद्धा मालकाच्या आवाजात टाकता येतं हे इतक्या निर्दयपणे, आणि स्वतःच्याच विचारांच्या माणसाबद्दल, लिहायला मोठं धैर्य लागतं.

शिवणं, न शिवणं. या सगळ्या पुस्तकांच्या मुळाशी हाताची ही एवढीच हालचाल आहे. शिवराम कारंतांची ‘चोमन दुडि’ 1933 ची. तुळु प्रदेशातला चोमा शेतमजूर आहे, त्याच्याकडे बैलांची जोडी आहे आणि मनात एकच गोष्ट: आपली म्हणून थोडी जमीन कसावी. त्याच्या जातीला ती मिळत नाही. त्याचा मुलगा नदीत बुडायला लागतो तेव्हा काठावर वरच्या जातीची माणसं उभी असतात. एकजण उडी घ्यायला निघतो, त्याला बाकीचे अडवतात. शिवायचं नसतं म्हणून. मुलगा मरतो. चोमा धर्मच बदलायला निघतो आणि वाटेत पंजुर्ली या भूताचं, त्याच्या दैवताचं, स्थान दिसल्यावर मागे फिरतो. शेवटी दार लावून दुडी वाजवत राहतो, मरेपर्यंत. दुडी म्हणजे त्याचा छोटा ढोल.

आईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या सुतकाचा आठवा दिवस होता. प्राणेशाचार्य परंपरा सोडतो की राहतो या घालमेलीत शेकडो पानं जाऊ शकतात, कारण ती त्याची आहे. चोमाला परंपरेने आत घेतलेलंच नाही, तरी तिचं भूत त्याला जाऊ देत नाही. आई म्हणाली, "आपल्याला अग्नी कोणी द्यायचा एवढाच प्रश्न होता ग." त्यावर मी काही बोलले नाही.

देवनूर महादेवांच्या ‘ओडलाळ’मध्ये तर परंपरेवर कोणी चर्चाही करत नाही. साकव्वा नावाची म्हातारी आपला हरवलेला कोंबडा शोधत फिरते. रात्री घरातली सगळी शेकोटीभोवती बसून सावकाराकडून पळवून आणलेल्या शेंगा फोडून खातात, टरफलं जाळून टाकतात. मग पोलीस येतात. एवढंच. पण ती शेंगा खाण्याची रात्र वाचताना मला पहिल्यांदा कळलं की ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ ही मांडणीही आमच्याच माजघरातली आहे. साकव्वाच्या घरी परंपरा पोथीतून येत नाही. ती सावकाराच्या रूपात येते आणि सोबत पोलीस आणते. आणि तिची स्वतःची परंपरा, गोष्टी सांगण्याची, देवाशी भांडण्याची, ती तिच्या जिभेवर आहे. म्हैसूर-चामराजनगरकडच्या त्या बोलीत महादेवांनी पुढे ‘कुसुमबाले’ लिहिली. तिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथे रात्री गावातल्या दिव्यांच्या ज्योती एकत्र जमून बोलतात. आईला ती बोली अर्धीच कळली. मला त्याहून कमी. तरी दिव्यांचं बोलणं तिने दोनदा वाचलं.

हे सगळं सुरू झालं विधवांपासून, इकडेही आणि तिकडेही. मराठीत बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. कन्नडमधली पहिली सामाजिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती गुलवाडी वेंकटराव यांची ‘इंदिराबाई’ 1899 साली मंगळूरला निघाली, तीही बालविधवेची. हरिभाऊ आपटेंच्या कादंबऱ्या गळगनाथांनी कन्नडमध्ये नेल्या आणि धारवाडकडच्या घरांत त्या वाचल्या गेल्या. माझ्या पणजीने म्हणे त्या ऐकल्या होत्या. तीही ऐकणारीच.

त्या पणजीचं नाव घरात फारसं कोणी घेत नाही. लाल लुगडं, डोक्यावरून पदर, ‘मडी’त, म्हणजे सोवळ्यात, असायची, मुलांनी शिवायचं नाही. आईला तिच्या हातांची तेवढी आठवण आहे, वाती वळणाऱ्या. म्हणून ‘संस्कार’ संपत आली तेव्हा मी आईला एम. के. इंदिरांच्या ‘फणियम्मा’बद्दल सांगितलं. 1976 ची. इंदिरांनी स्वतःच्या घराण्यातल्या बाईवरून लिहिलेली. नऊ-दहा वर्षांची मुलगी, लग्न झाल्याबरोबर विधवा, पुढे केशवपन, आणि मग शंभरी ओलांडेपर्यंत एकवेळ जेवून, घराच्या कामात, जवळजवळ न बोलता जगलेलं आयुष्य. तिने एकही नियम मोडला नाही. पण अडलेल्या एका दलित बाईची सुटका ती स्वतःच्या हातांनी करते. आणि घरात दुसरी एक तरुण विधवा केस काढू देणार नाही म्हणून उभी राहते, तेव्हा आयुष्यभर सगळं सोसलेली फणियम्मा तिच्या बाजूने बोलते.

नियम पाळणाऱ्या बाईने नियमाविरुद्ध दिलेली ही साक्ष. तिच्यापुढे श्रोत्री आणि प्राणेशाचार्य दोघांची विद्वत्ता मला उणी वाटते. तिने पोथी वाचलेली नव्हती. पोथीची किंमत तिने चुकती केली होती.

‘संस्कार’चा शेवट आईने अकराव्या दिवशी वाचला. बायको प्लेगने गेलेली, तिचं दहन करून आचार्य घरदार सोडून भटकतो आहे. मेळिगेच्या जत्रेत, बायकोचं सुतक अंगावर असताना, तो देवळाच्या पंगतीत जेवायला बसतो. आईचा आवाज इथे खाली आला. स्वयंपाकघरात आत्या होती. शेवटी आचार्य दुर्वासपुराकडे परतणाऱ्या गाडीत चढतो. गावी जाऊन तो सगळं सांगेल की नाही, आपल्याला कळत नाही. अजून चार-पाच तासांची वाट आहे, एवढ्यावर पुस्तक थांबतं.

"आणि चंद्री?" मी विचारलं.

"ती मघाशीच गेली की," आई म्हणाली.

तिने सुटलेला पुठ्ठा नीट बसवला, वरून दोरा गुंडाळला. धाकटी दारात उभी होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिला तर कन्नड धड कळतही नाही, ती शाळेपासून हॉस्टेलला. तेराव्याची यादी तिच्या हातात होती, शिधा, पानं, पंगतीची माणसं. यादी तिने आत्याकडे दिली, येऊन आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून वाच. मी मधे मधे अर्थ विचारीन."

आईने दोरा सोडला.